मराठी मालिका, नाटक, चित्रपट : करारावर सही करण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

मानधनाचा आकडा सगळेच विचारतात. पण कलाकाराचं किंवा लेखकाचं मोठं नुकसान बहुतेक वेळा आकड्याच्या पुढच्या पानांवर होतं. तारखा कुणाच्या ताब्यात गेल्या, कोणते हक्क दिले, किती वर्षांसाठी दिले, हे तिथे लिहिलेलं असतं. त्यातले काही हक्क कायद्याने तुम्हाला आधीच दिलेले आहेत. ते माहीत नसले की माणूस सही करून सोडून देतो. नवे कलाकार, लेखक, गीतकार, तंत्रज्ञ आणि बालकलाकारांचे पालक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. हातातल्या कराराबद्दल निर्णय घेताना तो वकिलाला दाखवाच.

सगळं फोनवर ठरलंय, कागद नाही. मग करार झालाच नाही का?

झाला. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो. काम काय आणि मोबदला किती हे दोघांनी राजीखुशीने मान्य केलं असेल, तर तो बांधून ठेवतो. अडचण येते ती सिद्ध करताना. म्हणून फोन ठेवल्यावर त्याच दिवशी एक मेसेज टाकायची सवय लावून घ्या :

"सर, नमस्कार. आज बोलल्याप्रमाणे : भूमिका मोठ्या वहिनीची, महिन्याला किमान १२ दिवस, शिफ्ट १२ तासांची, मानधन दिवसाला ठरल्याप्रमाणे अमुक रुपये, पुण्याहून येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च प्रॉडक्शनकडे. काही राहिलं असेल तर कळवा, म्हणजे त्या हिशेबाने तारखा मोकळ्या ठेवते."

यात कुणावर अविश्वास दाखवलेला नाही, त्यामुळे कुणाला राग येण्याचंही कारण नाही. समोरून नुसतं 'ओके' आलं तरी पुढे त्याचा आधार होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचं संभाषण कोर्टात पुरावा म्हणून मांडता येतं, पण त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ चॅट फोनमधून उडवू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, तो कॉपीराइटचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. 'घ्या हो सगळे हक्क' असं फोनवर म्हटल्याने संहिता निर्मात्याच्या मालकीची होत नाही.

शूटिंग सुरू होऊन आठवडा झाला आणि आता सेटवर करार हातात दिलाय. 'सही करा, बाकीच्यांनी केली' म्हणतात.

मेकअप रूममध्ये, पुढच्या शॉटची घाई असताना सही करू नका. "सर, रात्री वाचते आणि उद्या कळवते," एवढं बोलायला हरकत नसते. खरं तर आठवड्याचं काम कॅमेऱ्यात गेलेलं असतं, त्यामुळे त्या क्षणी तुमची बाजू वाटते तितकी कमकुवत नसते. प्रत्येक पानावर सही घेतली जाते, म्हणून प्रत्येक पान वाचा. सही झालेली प्रत त्याच वेळी मागा. 'ऑफिसमधून पाठवतो' असं सांगितलं तर निदान सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा.

करार इंग्रजीत आहे. समजलाच नाही असं नंतर म्हणता येईल का?

त्यावर भिस्त ठेवू नका. सही केली म्हणजे वाचून, समजून केली, असंच कोर्ट साधारणपणे धरतं. करार मराठीत करायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. निर्मितीसंस्था मराठी, वाहिनी मराठी, मालिका मराठी, तर कराराचा निदान मराठी गोषवारा मागायला संकोच कशाला?

मालिकेच्या करारात सगळ्यात आधी काय बघू?

तारखांचं कलम बघा. मानधनावर जितका वेळ घालवता त्याच्या दुप्पट या कलमावर घालवा. बहुतेक करारांत अशा अर्थाचं एक वाक्य असतं :

"निर्मात्यास आवश्यक असतील तेव्हा व तितक्या तारखा देणे कलाकारावर बंधनकारक राहील. प्रत्यक्ष चित्रीकरण झालेल्या दिवसांचेच मानधन देय राहील."

दोन्ही वाक्यं सुटी वाचली तर रास्त वाटतात. एकत्र वाचली की कळतं : महिनाभर तुम्ही बांधलेले, आणि शूटिंग चारच दिवस झालं तर पैसे चारच दिवसांचे. कथानकाचा ट्रॅक बदलला, तुमचं पात्र दोन महिने गावाला गेलं, तरी नाटकाचा दौरा घेता येत नाही. इथे मागायच्या गोष्टी तीन. महिन्याला किमान अमुक दिवसांच्या मानधनाची हमी. कॉल, म्हणजे शूटिंगला बोलावल्याची तारीख, किती दिवस आधी कळवणार, आणि न कळवलेल्या तारखा तुमच्या मोकळ्या. आधीच घेतलेल्या नाटकाच्या प्रयोगांच्या तारखा करारासोबत जोडलेल्या. शेवटची मागणी मराठीत तरी बऱ्याचदा मान्य होते, कारण अर्धं युनिट स्वतःच रंगभूमीवरून आलेलं असतं. फक्त ती आधी करावी लागते.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पैसे कधी मिळणार. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे देण्याची रीत जुनी आहे आणि एकट्या नव्या कलाकाराला ती मोडता येत नाही. पण ९० दिवस कधीपासून मोजायचे हे विचारता येतं. शूटिंगच्या महिनाअखेरपासून, बिल दिल्यापासून, की भाग प्रसारित झाल्यापासून? या तिन्हींत महिन्या-दोन महिन्यांचा फरक पडू शकतो, आणि मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला तो फार जड जातो.

तिसरी, नोटीस. ते तुम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणू शकतात आणि तुम्ही मात्र तीन महिन्यांची नोटीस द्यायची, अशी कलमं सर्रास असतात. दोन्हीकडे सारखी नोटीस मागा.

'मालिका संपल्यावर एक वर्ष दुसऱ्या वाहिनीवर काम करायचं नाही' असं लिहिलंय. ते मानावं लागेल का?

करार चालू असेपर्यंत दुसरीकडे काम न करण्याची अट साधारणपणे चालते. करार संपल्यानंतरची बंदी मात्र करार कायद्याच्या कलम २७ समोर टिकणं अवघड आहे. कुणालाही त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याचं व्यवस्थापन पाहणारी कंपनी यांच्यातल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच सांगितलं. मुदत संपल्यावरही 'नवा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला विचार' अशी त्या करारात अट होती, आणि तीही कलम २७ च्या विरोधात जाते असं न्यायालय म्हणालं. हा निकाल कलाकारांनी लक्षात ठेवावा असा आहे.

तरीही अशी अट खोडूनच घ्या. कोर्टात जिंकता येईल हे खरं, पण नवं काम देणारा निर्माता तुमच्या जुन्या कराराची भानगड ऐकून दुसऱ्या कलाकाराला फोन लावतो.

मध्येच मालिका सोडली तर ते जबरदस्तीने काम करायला लावू शकतात?

नाही. व्यक्तीच्या कौशल्यावर उभी असलेली सेवा कोर्ट सक्तीने करून घेत नाही. स्पेसिफिक रिलीफ कायदा, १९६३ मध्ये तशी तरतूद आहे. नुकसानभरपाई मात्र मागता येते. शिवाय, कराराच्या मुदतीत दुसऱ्या वाहिनीवर काम करायला मनाई करणारा हुकूमही मिळू शकतो.

आणि 'सोडल्यास पंचवीस लाख रुपये दंड' वाचून हातपाय गाळू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. कोर्ट तिच्या आत राहून वाजवी भरपाई देतं.

माझी कथा ऐकवली, त्यांनी नाही म्हटलं, आणि वर्षभराने तशीच मालिका आली. काय करू?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं आर. जी. आनंद यांचं प्रकरण यातलं पायाभूत. आपल्या नाटकावरून चित्रपट काढला अशी या नाटककाराची तक्रार होती. प्रांतवाद हा विषय दोन्हींत सारखा होता, पण मांडणी आणि प्रसंग पुरेसे वेगळे आहेत, असं म्हणून न्यायालयाने नाटककाराच्या विरोधात निकाल दिला.

पण वाट तिथे संपत नाही. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स आणि सनडायल कम्युनिकेशन्स यांच्या वादात दुसरा रस्ता मान्य केला, तो विश्वासभंगाचा. विश्वासाने, गुप्तता गृहीत धरून सांगितलेली आणि पुरेशी विकसित केलेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही. म्हणून कथा ऐकवायला जाण्याआधी सविस्तर लिहून काढा. चार ओळींची 'वन लाइन' कायद्यापुढे फार दुबळी असते. लिहिलेलं स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. बैठकीनंतर ईमेल करा : "आज ऐकवलेली संकल्पना सोबत जोडली आहे. ती फक्त तुमच्या विचारासाठी आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय इतरांना देऊ नये ही विनंती." बैठकीला कोण कोण होतं तेही त्यात लिहा.

'सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांसाठी' असं लिहिलंय. सगळीकडे असंच असतं म्हणतात.

असतं, हे खरंच. म्हणून या वाक्याचा एकेक तुकडा सुटा करून बघू.

आधी मूळ मुद्दा. निर्मात्याने पैसे दिले म्हणून पटकथा आपोआप त्याची होत नाही. चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो, पण त्यामागच्या संहितेचा पहिला मालक लेखक असतो, तो निर्मात्याच्या पगारी नोकरीत नसेल तर. हे हक्क निर्मात्याकडे नेण्यासाठीच तर हे कलम लिहिलेलं असतं.

'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द का टाकतात? कारण करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणजे कोरी जागा तुमच्या फायद्याची असते.

याच्याच आसपास एक निरुपद्रवी दिसणारी ओळ सापडेल : 'कलम १९(४) च्या तरतुदी लागू होणार नाहीत.' ती वगळून पुढे जाऊ नका. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर हस्तांतर संपुष्टात येतं, अशी ती तरतूद आहे. करारात वेगळं लिहून ती बाजूला ठेवता येते आणि निर्माते ती ठेवतातच, कारण वर्षात चित्रपट उभा राहत नाही. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मग तुम्ही म्हणा : "ठीक आहे, पण तीन वर्षांत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क परत माझ्याकडे." कपाटात पडून राहिलेल्या पटकथांचं दुःख मराठीत ज्याला त्याला माहीत आहे. त्यावर इलाज ही एक ओळ आहे, आणि लेखकाने बाकी काही नाही मिळवलं तरी ही मिळवावी असा माझा आग्रह आहे.

'भविष्यात येणारी माध्यमं' याबद्दल कॉपीराइट कायद्यातली २०१२ ची दुरुस्ती लेखकाच्या बाजूने आहे. हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं आणि ज्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नाही, त्याला ते हस्तांतर लागू होत नाही.

सीक्वेल, दुसऱ्या भाषेतला रिमेक, वेब सीरिज, नाट्यरूपांतर यांना वेगवेगळ्या ओळी द्या. हक्क द्यायचेच असतील तर प्रत्येकाची स्वतंत्र रक्कम किंवा टक्का लिहून घ्या.

गीतकार-संगीतकाराने एकरकमी पैसे घेतले की रॉयल्टी संपली?

नाही, आणि सही करूनही ती पूर्ण सोडता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जिच्यासाठी जोर लावला त्या २०१२ च्या दुरुस्तीने हे झालं. चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणं वाजतं ते सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकारांचा समान वाटा राहतो. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. निर्मात्याला देणारी अट टिकत नाही. एफएम रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये हा हक्क उचलून धरला. पैसे हाती यायला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं. हे काम करायचं राहून गेलेले मराठी गीतकार भेटतात तेव्हा वाईट वाटतं. मालिकांची शीर्षकगीतं रोज वाजत असतात.

नाटकाच्या लेखकाचं काय?

प्रयोगामागे मानधन ही पद्धत लेखकासाठी चांगली आहे, ती सोडून एकरकमी व्यवहार करू नका. करारात मुदत आणि प्रयोगांची किमान संख्या लिहा. ठरावीक काळात एवढे प्रयोग झाले नाहीत तर नाटक दुसऱ्या निर्मात्याला देण्याची मोकळीक ठेवा. चित्रीकरणाचे हक्क प्रयोगाच्या हक्कांत गुंडाळू देऊ नका. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे दौरे त्याच मानधनात की वेगळे, हेही आधीच ठरवा. कलाकारांच्या नाइटलाही (प्रयोगामागच्या मानधनालाही) हाच प्रश्न लागू आहे, शिवाय रद्द झालेल्या प्रयोगाचं काय ते लिहून घ्या.

श्रेयनामावलीत नाव आलंच नाही तर?

लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा आणि कृतीची मोडतोड करून नावाला धक्का लावला तर विरोध करण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ देतं. तो कॉपीराइट विकल्यावरही उरतो. कलाकारांसाठी असाच हक्क कलम ३८ख मध्ये आहे. पण नाव पोस्टरवर की फक्त पडद्यावर, कितव्या क्रमाने, एकट्याचं की 'लेखन साहाय्य' या मथळ्याखाली, हे कायदा सांगत नाही. ते करारातच लिहावं लागतं.

माझ्या सात वर्षांच्या मुलीला मालिकेत घेतलंय. सही कोण करणार? नियम काय?

अज्ञान (१८ वर्षांखालच्या) व्यक्तीचा करार कायद्यात रद्दबातल असतो, म्हणून सही पालकाची. नियम मात्र सहीपेक्षा महत्त्वाचे आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मुलीच्या कमाईपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत जायला हवी. परवानगीची प्रत पालकांनी मागून घ्यावी. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मूल पेंगतंय आणि 'एकच शॉट राहिलाय ताई' असं कुणी म्हणतंय, तेव्हा हे पाच तास ठामपणे आठवून द्यायचं काम तुमचंच आहे.

डबिंगच्या करारात 'आवाजाचा कोणत्याही तंत्राने पुनर्वापर' असं आलंय.

ही ओळ काढून टाका, किंवा 'फक्त याच कलाकृतीच्या दुरुस्तीपुरता' असं लिहून घ्या. तशीच्या तशी राहिली तर तुमच्या आवाजावरून यंत्राने पुढची भूमिका बोलण्याला तुम्हीच संमती दिली, असा अर्थ काढता येतो. परवानगीशिवाय आवाजाची नक्कल बनवण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना संरक्षण दिलं आहे. पण त्यांनी अशी परवानगी दिलेलीच नव्हती, हे विसरू नका.

मानधन मागायचं कसं? जास्त मागितलं तर काम जाईल अशी भीती वाटते.

भीती खरी आहे, स्पर्धा आहेच. म्हणून नुसत्या आकड्यावर घासाघीस करण्यापेक्षा आकड्याच्या भोवतालचं मागा. एका पटकथेचं उदाहरण घेऊ. निर्माता म्हणतो, "बजेट नाही, याच्यावर एक रुपया नाही." ठीक. मग विचारा, "सर, रक्कम तीच ठेवूया. फक्त हप्ते असे करूया का : सही करताना पंचवीस टक्के, पहिला खर्डा दिल्यावर पन्नास, अंतिम खर्ड्यावर पंचवीस?" आधीच्या मसुद्यात शेवटचा मोठा हप्ता 'प्रदर्शनानंतर' असतो, आणि चित्रपट प्रदर्शित होणं लेखकाच्या हातात नसतं. हप्ते लेखकाच्या कामाला बांधले की निर्मात्याला एक रुपयाही जास्त पडत नाही. त्यानंतर, "मोफत फेरलेखन दोन वेळा, पुढच्या प्रत्येकाचे वेगळे." हेही सहसा मान्य होतं.

आकडा सांगताना 'टीडीएस वगळून की धरून' आणि 'जीएसटी वेगळा' हे त्याच वाक्यात सांगा. आणि लगेच हो म्हणू नका. "विचार करून संध्याकाळी सांगतो" एवढ्याने चांगलं काम सहसा जात नाही.

मानधनाऐवजी नफ्यात टक्का देतो म्हणतात.

मानधनाशिवाय टक्का घेऊ नका. घेतलाच तर 'निव्वळ नफा' म्हणजे कोणते खर्च वजा जाता, याची यादी करारात हवी, शिवाय हिशेब तपासायचा अधिकार हवा.

पैसे थकलेत. काय करता येईल?

आधी लेखी मागणी, तारीख आणि रक्कम टाकून. मग तुमच्या संघटनेकडे तक्रार. लेखकांसाठी स्क्रीनरायटर्स असोसिएशनची वाद निवारण समिती आहे, कलाकारांसाठी सिंटा ही संघटना आहे, तंत्रज्ञांच्या संघटना सिनेकामगारांच्या फेडरेशनशी जोडलेल्या आहेत. त्यासाठी सभासदत्व आधीपासून असलेलं बरं.

एडिटिंग, साउंड, व्हीएफएक्स, पोस्टर डिझाइन असं काम व्यवसाय म्हणून करत असाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या, तीही काम हाती घेण्याआधी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि दाद अशा थकबाकीसाठी असलेल्या सुकरता परिषदेकडे मागता येते. चेक परत आला तर ३० दिवसांत नोटीस पाठवा, ही मुदत चुकवू नका. आणि दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. 'पुढच्या चित्रपटात बघू' या आश्वासनावर ती निघून जाते.

वाद झाला तर लवाद निर्माताच नेमणार, असं कलम आहे.

ज्याचा वादात स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली अमान्य केलं आहे. 'दोघांच्या संमतीने' असा बदल सुचवा. आणि तुम्ही कोल्हापुरात असताना न्यायक्षेत्र दिल्लीचं का, हेही विचारा.

स्टॅम्प पेपर लागतोच का?

करार स्टॅम्पशिवाय रद्द होत नाही, पण मुद्रांक शुल्क आणि दंड भरेपर्यंत कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचं शुल्क ५०० झालं आहे. कराराच्या प्रकारानुसार ते जास्तही असू शकतं.

वकील परवडत नाही.

संपूर्ण खटल्याचा वकील आणि एक करार वाचून देणारा वकील यांच्या फीमध्ये बराच फरक असतो. तीन-चार कलाकारांना एकाच मालिकेचा सारखा करार आला असेल तर मिळून एकदाच वाचून घ्या. प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. तिथे उत्पन्नाची मर्यादा असते, पण स्त्रियांना ती लागू नाही. उत्पन्न कितीही असलं तरी स्त्री अर्जदाराला ही मदत मिळू शकते, आणि अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडेही देता येतो.